मोटार मेकॅनिकचा आयटीआय: दोन वर्षं देण्याजोगा, पण वर्कशॉप आधी बघून घ्या

दहावीचा निकाल लागला की गॅरेजच्या दारात एक प्रश्न हमखास येतो: पोराला गाड्यांची आवड आहे, आयटीआयला घालू की सरळ तुमच्याकडेच कामाला ठेवू? उत्तर आधीच देऊन टाकतो. आयटीआयला घाला. ट्रेड ‘मेकॅनिक मोटार व्हेइकल’, दोन वर्षांचा. मात्र ॲडमिशन झाली म्हणजे पोरगा किंवा पोरगी मेकॅनिक झाली, असं धरून चालू नका. या कोर्सची एक बाजू भक्कम आहे आणि दुसरी लंगडी. आज गॅरेजात पैसा ज्या कामात आहे, ते काम नेमकं लंगड्या बाजूला पडतं. पुढे लिहिलंय ते कोर्सबद्दल आहे, कुठल्या एका संस्थेबद्दल नाही. संस्था-संस्थांत फरक खूप, आणि तो कसा ओळखायचा तेही सांगतो.

आधी ट्रेडचा घोळ मिटवू. ऑनलाइन अर्जात ऑटोमोबाइलशी संबंधित बरेच ट्रेड दिसतात आणि नावं एकमेकांसारखी. मेकॅनिक मोटार व्हेइकल दोन वर्षांचा, त्याला दहावी विज्ञान आणि गणितासह पास लागते. मेकॅनिक डिझेल एका वर्षाचा. दुचाकी-तिचाकीचा वेगळा, डेंटिंगचा वेगळा, पेंटिंगचा वेगळा. ‘एका वर्षात सुटतो’ म्हणून पुष्कळ जण डिझेल घेतात. ट्रक, जनरेटर, पंप ही लाइन धरायची असेल तर तो चांगलाच आहे. पण मुंबईतल्या रस्त्यावरची गाडी बहुतेक पेट्रोल नाहीतर सीएनजीवरची. कारच्या सर्व्हिस सेंटरला जायचं असेल तर डिझेलचं एक वर्ष कमी पडतं. पसंतीक्रम भरताना ट्रेड आणि संस्था अशी जोडी भरायची असते. जवळची संस्था मिळावी म्हणून ट्रेड बदलू नका. लोकलमध्ये रोज तासभर जास्त गेला तरी चालेल.

अभ्यासक्रम केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा (डीजीटी), राज्यात तो व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय चालवतं. म्हणजे मुंबईत शिका नाहीतर गडचिरोलीत, कागद तोच. वर्षाला १,२०० तास, त्यातले ८४० निव्वळ प्रॅक्टिकलचे, दोन्ही वर्षी. थिअरी पहिल्या वर्षी २४०, दुसऱ्या वर्षी ३०० तास, उरलेले एम्प्लॉयॅबिलिटी स्किल्सला. शिवाय दर वर्षी १५० तास बाहेरच्या वर्कशॉपात प्रत्यक्ष काम. एका तुकडीत २४ जण. हा २४चा आकडा लक्षात ठेवा, वर्कशॉप बघायला जाल तेव्हा कामाला येणार आहे.

भक्कम बाजू कोणती, तर हात आणि मोजमाप.

सुरुवातीचे आठवडे पोरं वैतागतात. गाडी शिकायला आलो आणि हातात दिली कानस! लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. मग मार्किंग, पंच, ड्रिल, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार), डाय (दांड्यावर आटे पाडायचं). कंटाळवाणं वाटतं, पण गॅरेजात थेट घुसलेल्या पोरात आणि आयटीआयच्या पोरात पहिला फरक इथेच पडतो. आट्यांचंच घ्या. एम-१० चे, म्हणजे १० मिमी बोल्टचे, १.५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे पाडायचे तर भोक ८.५ मिमीचं लागतं. एम-८ ला, १.२५ पिचसाठी, ६.८. ‘दहाचा बोल्ट आहे ना, मार नऊचं भोक’ म्हणणाऱ्याचे आटे उथळ पडतात आणि बोल्ट कसताना भुगा होऊन हातात येतात. उलट आठचं मारलं तर टॅप अडकून तुटतो, आणि तुटलेला टॅप हे ब्लॉकमधलं सगळ्यात वाईट दुखणं, कारण टॅपचं पोलाद कडक, साधं ड्रिल त्यावर चालतच नाही. टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे फिरवायचा, म्हणजे किस तुटतो आणि खाचेतून बाहेर पडतो. ॲल्युमिनियममध्ये थोडं केरोसीन सोडायचं. ही गोष्ट यूट्यूबवर दोन मिनिटांत बघून होते, पण मनगटाला यायला वीस-पंचवीस भोकं पाडावी लागतात, आणि ती पाडायला फुकटचं लोखंड फक्त इथेच मिळतं.

दुसरं मोजमाप. व्हर्नियरवर ०.०२ मिमी, मायक्रोमीटरवर ०.०१. वर्कशॉपात मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन बऱ्याचदा टेबलावर सापडतं. जुनं म्हणून नाक मुरडू नका, मोजायला शिकण्यासाठी उत्तम आहे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मूळ ६८.५ मिमी. डायल बोअर गेज घेऊन प्रत्येक सिलिंडरला सहा रीडिंग घ्यायची: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवं. वरच्या-खालच्या रीडिंगमधला फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे ओव्हॅलिटी. झीज जवळजवळ नेहमी वरच्या रिंगच्या वळणापाशी सर्वात जास्त निघते. स्फोटाचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो आणि नेमकं तिथेच ऑइलचा थर सर्वात पातळ असतो. आणि आडव्या दिशेला जास्त, कारण पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या कोनामुळे त्या बाजूला रेटला जातो. हे ज्याने स्वतः सहा आकडे लिहून पाहिलंय, तो पुढे ‘साहेब, इंजिन गेलं’ असं अंदाजाने म्हणत नाही.

रिंगच्या गॅपचंही (तिच्या दोन टोकांमधल्या फटीचंही) तसंच. रिंग नुसती बोटाने बोअरमध्ये ढकलायची नाही, ती तिरकी बसते. उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करायची आणि मग फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा. लहान पेट्रोल इंजिनात वरच्या रिंगला साधारण ०.२ ते ०.३५ मिमी, शेवटचा शब्द मॅन्युअलचा. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअर ओरखडते किंवा तुटते. गॅप कमी निघाला तर कुठे घासायचं? फक्त टोकाला, कानस एका दिशेने बाहेरून आत चालवत, म्हणजे बाहेरच्या कडेचा टवका उडत नाही. शिक्षक चांगला असेल तर ही ‘कानस’ आणि पहिल्या महिन्यातली ‘कानस’ एकच आहे हे पोरांच्या लक्षात आणून देतो.

टॉर्क पान्याची (ठरलेल्या जोरानेच कसायच्या पान्याची) शिस्तही आयटीआयमध्ये बरी लागते. हेडचे बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत कसायचे, खोलताना बाहेरून आत. आट्यांना ऑइल लावलं की त्याच टॉर्कवर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर कोरडेच ठेवायचे. नवीन इंजिनांत टॉर्कनंतर बोल्ट आणखी किती अंश फिरवायचा ते दिलेलं असतं. ते बोल्ट ताणून कसायचे असतात आणि बहुतेक वेळा परत वापरायचे नसतात. टॉर्क पान्याने नट सैल करणारा पोरगा दिसला की त्या वर्कशॉपात लक्ष द्यायला कोणी नाही असं खुशाल समजा.

आता लंगडी बाजू: इलेक्ट्रिकल आणि निदान.

अभ्यासक्रमात ते नाही असं नाही. मल्टिमीटर आहे, सेन्सर आहेत, स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) आहे, वायरिंग डायग्राम आहे. पण शिकवण्याची पद्धत अशी की आधी भाग ओळखा, मग त्याचं कार्य लिहा, मग आकृती काढा. बिघडलेल्या गाडीवर उभं राहून ‘कुठून सुरू करू?’ हा प्रश्न फार थोड्या ठिकाणी विचारला जातो. प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये बॅटरीचा व्होल्टेज १२.६ लिहिलेला असतो, चालू इंजिनावर चार्जिंग १३.८ ते १४.५ लिहिलेलं असतं, सही झालेली असते. पण सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रेंगाळतोय, बॅटरी नवी आहे, चार्जिंग बरोबर आहे, पुढे काय, इथे गाडं अडतं.

उत्तर आहे व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट वाहताना वाटेत किती व्होल्ट गळतात ते मोजणं, आणि या एका चाचणीवर निदान आठवडाभर घालवायला हवा. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, थेट खुंटीच्या शिशावर. दुसरं टोक इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. इंजिन सुरू होणार नाही अशी इग्निशन बंद पाडून सेल्फ मारायचा आणि आकडा बघायचा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. ०.८ किंवा १ आला तर निगेटिव्ह खुंटीपासून ब्लॉकपर्यंतच्या वाटेत गंज आहे. तसंच प्लसच्या बाजूला: बॅटरीची प्लस खुंटी ते सेल्फचा मोठा टर्मिनल, तिथे ०.५ च्या आत हवं. गॅरेजात बहुतेक जण काय करतात, तर अर्थिंगची पट्टी मीटरच्या बीपवर तपासतात. बीप वाजते, पट्टी पास! पण बीप मोडमध्ये मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, तो पट्टीच्या शिल्लक राहिलेल्या दोन तारांमधूनही आरामात जातो. सेल्फ शंभर अँपिअरच्या वर ओढतो, तेव्हा त्याच दोन तारा तोंडघशी पाडतात. मुंबईच्या खाऱ्या हवेत ही पट्टी आणि तिचा बोल्ट आतून हिरवा झालेला असतो, बाहेरून रंगाखाली झाकलेला. न बिघडलेले सेल्फ खोलण्यात आणि बदलण्यात या शहरात किती वेळ आणि पैसा जातो, ते गॅरेजवाल्यांना माहीत आहे.

स्कॅनरचीही तीच गत. ‘स्कॅनर मारला, कोड आला, सेन्सर बदलला’ याला निदान म्हणत नाहीत. पी-०१७१ हा कोड घ्या, अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पोरगं ऑक्सिजन सेन्सर मागवून मोकळं होतं. अहो, सेन्सर तर खरं बोलतोय! लाइव्ह डेटामध्ये फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे गाडीचा कंप्युटर (ईसीएम) पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम बराच प्लस आणि अडीच हजार आरपीएमला खाली आला, तर थ्रॉटलनंतर मॅनिफोल्डपाशी कुठेतरी हवा ओढतोय: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, गॅस्केट, पीसीव्हीची (क्रँककेसमधला धूर परत ओढणारी) नळी. उलट लोडवर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोल पुरत नाही: पंप, फिल्टर, इंजेक्टर. या दोन ओळी कळल्या तर ग्राहकाचे सेन्सरचे पैसे वाचतात. आयटीआयच्या पुस्तकात ट्रिम हा शब्द सापडेल. तो आकडा चालू गाडीवर बदलताना दाखवणारे शिक्षक कमी.

कॅन बसचंही (गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन तारांचंही) एक माप शिकून घ्या, शिकवलं नाही तरी. बॅटरी सोडवून, १६ पिनच्या ओबीडी सॉकेटात (स्कॅनर लावतात तिथे) ६ आणि १४ या पिनांमध्ये ओहम मोजायचे. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास यायला हवेत, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथे या पिनांवर हे माप मिळत नाही, म्हणून डायग्राम बघितल्याशिवाय निकाल लावू नये. पाच मिनिटांचं काम, आणि ‘सगळे लाइट एकदम लागलेत, ईसीएम गेला’ अशी निम्मी भाकितं इथेच पडतात.

हे का शिकवलं जात नाही? निदेशकांना (आयटीआयच्या शिक्षकांना) दोष देणं सोपं आहे. खरं कारण असं की चालू गाडीत मुद्दाम बिघाड करून ठेवायला वेळ, गाडी आणि धाडस लागतं, आणि परीक्षेत ते विचारत नाहीत. ज्या निदेशकांनी जुन्या गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या मागे चार-पाच स्विच बसवून ‘बिघाड पाडण्याची’ सोय केली आहे, त्यांची पोरं सर्व्हिस सेंटरला गेल्यावर लगेच ओळखू येतात.

वर्कशॉप बघायला जाताना

पसंतीक्रम भरण्याआधी संस्थेत एकदा जाऊन या. ऑफिसात बसू नका, मोटार सेक्शनला जा आणि चालू इंजिनं किती हे विचारा. टेबलावर कापून रंगवलेली नाहीत, किल्ली फिरवली की सुरू होणारी. २४ जणांत चार असतील तर इंजिनामागे सहा, म्हणजे दोघांचे हात आणि चौघांचे डोळे; चालण्यासारखं आहे. एकच असेल तर वर्षाअखेर निम्म्यांनी पानाच धरलेला नसतो. मग टूल रूम बघा. मायक्रोमीटर पेटीत तेल लावून ठेवलाय की कुलुपात नवाकोरा? कोरा असेल तर तो वापरत नाहीत. जॅकच्या शेजारी घोड्या (उचललेली गाडी तोलून धरणारे स्टँड) आहेत का बघा. नुसत्या जॅकवर गाडी उचलून पोरं खाली शिरत असतील तर तिथून निघा, बाकी काही बघायची गरज नाही. स्कॅनर कुठला आहे यापेक्षा त्याचं अपडेट शेवटचं कधी झालं ते विचारा. बीएस-६ हा प्रदूषणाचा निकष एप्रिल २०२० पासून लागू झाला. त्याआधीच्या सॉफ्टवेअरला नंतरच्या बऱ्याच गाड्या नीट वाचता येत नाहीत. आणि शेवटचं, आत्ता शिकणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना बाजूला घेऊन विचारा की गेल्या महिन्यात स्वतः काय खोललं. उत्तर यायला वेळ लागला की समजा.

काही संस्थांत वाहन कंपन्यांच्या सहकार्याने चालणाऱ्या लॅब आहेत. तिथे सामान नवं असतं, हा मोठा फायदा. पण त्या लॅबचं दार तुमच्या तुकडीसाठी आठवड्यातून किती वेळा उघडतं, ते माहीत करून घ्या.

मुंबईला लागतं ते वेगळं

अभ्यासक्रम देशभराचा असल्यामुळे शहराची दुखणी त्यात थोडक्यात येतात. पहिलं सीएनजी. टाकी २०० बार दाबाची, तिची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, तारीख टाकीवरच्या प्लेटवर; गाडी आत घेतानाच ती बघायची सवय लावा. गॅस लाइन खोलण्याआधी टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस इंजिन चालवून संपवायचा. गळती साबणाच्या फेसाने बघायची. ‘पेट्रोलवर मस्त, सीएनजीवर झटके’ ही तक्रार आली की किटला हात लावण्याआधी प्लग आणि कॉइल बघा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून अर्धमेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. त्यानंतर लो-प्रेशर फिल्टर. आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) विसरू नका: गॅसवर सीट जास्त झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, क्लिअरन्स कमी होतो. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटतं, म्हणून कोणी बघत नाही. मग एक दिवस कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं.

दुसरं पावसाचं पाणी. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं गॅरेजात जुलैमध्ये रोज ऐकू येतात. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही, हे थिअरीत एका ओळीत असतं. प्रॅक्टिकल असं व्हायला हवं. बॅटरी सोडा. एअर फिल्टर काढा. तो कोरडा असेल तर बहुधा सुटलात. ओला असेल तर सगळे प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. भोकातून पाणी उडालं की तोंड बाजूला ठेवा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर ऑइल आणि फिल्टर बदला. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून प्लगशिवायच सेल्फ मारा, मग कॉम्प्रेशन घ्या.

कॉम्प्रेशन टेस्टही नीट शिका, कारण ती अर्धवट करणारेच जास्त. एरवी इंजिन गरम हवं, सगळे प्लग बाहेर, इंजेक्शन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला सारखे चार-पाच सेकंद. लहान पेट्रोल इंजिनात आकडा साधारण ११ ते १४ बार; पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, १०-१५ टक्क्यांवर गेला की थांबा. कमी आलेल्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घ्या. वाढलं तर रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर मिळून कमी असतील तर दोघांमधलं गॅस्केट फुटल्याची शंका आधी घ्या. आणि पाण्यातून आलेल्या गाडीत एकच सिलिंडर कमी असेल तर रॉड वाकल्याचा संशय: प्लगच्या भोकातून सरळ सळई घालून टीडीसीला (पिस्टन सर्वात वर असताना) पिस्टनची उंची इतरांशी ताडून बघा. वाकलेल्या रॉडचा पिस्टन वरपर्यंत पोचत नाही.

पाने, पुस्तकं, परीक्षा

हत्यारं नागदेवी स्ट्रीटला घ्या, मशीद बंदर स्टेशनवरून चालत. पहिल्या दिवशी मोठा सेट नको. ८, १०, १२, १४, १७, १९ चे रिंग आणि डबल एंड पाने, अर्ध्या इंची रॅचेटच्या याच मापांच्या गोट्या (सॉकेट), फिलर गेज, बरी पकड. जपानी घराण्याच्या गाड्यांना १०-१२-१४ पुरतात. युरोपियन गाड्यांना १३, १५, १६, १८ आणि स्टारचे बिट लागतात, ते नंतर. तापारिया कंपनीचं हत्यार भारतात शिकणाऱ्यासाठी भरवशाचं आहे. चकाकणाऱ्या बेनामी गोट्या घेऊ नका, त्या बोल्टचे कोपरे खातात. मीटरवर मात्र पैसे वाचवू नका. आणि बल्बची टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला लावू नका: बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा ईसीएमच्या सर्किटला झेपेलच असं नाही.

निमी या केंद्राच्या पुस्तकं काढणाऱ्या संस्थेची ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं आणि प्रश्नसंच भारत स्किल्स पोर्टलवर मोफत मिळतात. गाइड विकत घ्यायची गरज नाही. थिअरीची परीक्षा संगणकावर होते. प्रॅक्टिकलला ६० टक्के लागतात, बाकी विषयांना ३३, आणि परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी. दुपारी गॅरेजात काम करून शिकणारी पोरं हजेरीतच अडकतात, म्हणून दोन-तीन पाळ्यांत चालणाऱ्या संस्थेत सकाळची पाळी मिळते का बघा. मॅन्युअल इंग्रजीत असतात, त्यामुळे वायरिंग डायग्राममधल्या इंग्रजी संज्ञा आणि रंगांची संक्षिप्त रूपं दुसऱ्या वर्षी पाठ हवीत.

खासगी क्लासबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांत ‘ईसीएम रिपेअरिंग तज्ज्ञ’ करून देणाऱ्या जाहिराती भरपूर आहेत. आयटीआयऐवजी घेण्यात अर्थ नाही. ज्याला व्होल्टेज ड्रॉप येत नाही तो सर्किट बोर्डवर काय शोधणार? आयटीआयनंतर, स्वतःची फी स्वतः भरता येईल तेव्हा, स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) आणि वायरिंगवर भर देणारा एखादा छोटा कोर्स मात्र ती लंगडी बाजू सावरतो. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा वेगळा दोन वर्षांचा ट्रेड आला आहे. तो जिथे असेल तिथे १,००० व्होल्टच्या क्लास शून्यचे रबरी हातमोजे आहेत का आणि ते हवा भरून तपासले जातात का, हे बघा. नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, केबलजवळ जाण्याआधी सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा) काढून कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं आणि मीटरने शून्य खात्री करून घ्यायची. नुसते पोस्टर लावून हा ट्रेड शिकवता येत नाही.

वर्षातले ते १५० तास आणि त्यानंतरची अप्रेंटिसशिप यावर मात्र जपून निर्णय घ्या. एसटीचा डेपो मिळाला तर एअर ब्रेक, क्लच, मोठी इंजिनं यावर हात चांगला बसतो, आणि काम भरपूर असल्यामुळे नुसतं उभं राहावं लागत नाही. अवजड गाड्यांतच राहायचं असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. कारची लाइन हवी असेल तर कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथली अडचण वेगळी: नवीन पोराला धुलाई आणि ऑइल-फिल्टरच्या बेवर (गाडी उभी करून काम करायच्या जागेवर) बसवतात, आणि वर्षभर तो तिथेच राहतो. अप्रेंटिसशिपचा करार केंद्राच्या पोर्टलवर नोंदवलेला आहे ना, हे आधी बघा. नोंद नसेल तर शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळत नाही आणि ते वर्ष निव्वळ स्वस्त मजुरी ठरतं. मग सुपरवायझरशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या: तीन महिने सर्व्हिसिंग, तीन महिने ब्रेक-सस्पेन्शन, उरलेले सहा डायग्नोसिसवाल्याच्या हाताखाली. सगळं मिळणार नाही, पण मागितल्याशिवाय काहीच मिळत नाही. आणि अठरा पूर्ण झाली की हलक्या वाहनाचं लायसन्स काढून ठेवा. ज्याला गाडी बेवरून हलवता येत नाही त्याला ट्रायलला कोणी नेत नाही, आणि आवाज कुठून येतोय ते ट्रायलवरच कळतं.